बाटलीत काय होतं

गुरुवारी आमच्याकडे शेतात कुणी कुदळ मारत नाही. तो भूमीचा वार. तिला एक दिवस निवांत पडू द्यायचं आणि माणसांनी घरी बसून एकमेकांना खणून काढायचं, असा एकूण रिवाज. कुळाच्या बैठका म्हणून गुरुवारी.

बैठकीच्या सकाळी बिरागो मुलाला मक्याची पेज भरवत होती. न्सोवाच्या तोंडाचा उजवा कोपरा पेज धरत नव्हता. दर दोन चमच्यांनी पुसायचं, परत भरवायचं. बावन्न वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांची आई. उजवा हात मांडीवर पडलेला, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. अर्धांगाचा झटका येऊन नऊ आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. बिरागोने मान हलवली, गोळ्या आणल्या, वेळेवर दिल्या. पण रक्तदाब आमच्या मम्पोंग गावात सगळ्यांनाच होता. आणि हे झालं तेव्हा ‘सख्खा मामा, भाग दोन’ची तबकडी बाजारात येऊन फक्त चार दिवस झाले होते.

त्या सिनेमात तिचा धाकटा भाऊ क्वामे कुळाचा कर्ता झाला होता. गेली दहा वर्षं तो दुसरं काही होतच नव्हता. खांद्यावरून घेतलेलं काळं वस्त्र, हातात हिरवी चौकोनी बाटली. कुळाची कोकोची जमीन विकणाऱ्या भाच्याला शाप द्यायचा म्हणून तो जमिनीवर दारू ओततो आणि पितरांना हाका मारतो. अशा वेळी सिनेमावाले कुठलीतरी नावं ठोकून देतात. क्वामेने खरी घेतली. नाना असुमांग पिप्रा, या, प्या. नाना दुफिये, या, प्या. आब्रेफी, आई, ये.

टीव्हीतून स्वतःच्या मेलेल्या आईला बोलावलेलं ऐकून बिरागोच्या हातातला रताळ्याचा तुकडा टोपात पडला होता. मग पडद्यावरचा क्वामे म्हणाला, “माझ्या एकुलत्या बहिणीचा मुलगा... जो हात माझ्याविरुद्ध वर झाला, तो गळून पडो.”

एकुलती बहीण ती. तिला मुलगा एकच.

आणखी एक गोष्ट तिच्या डोक्यात होती. ती तिने कुणाला सांगितली नव्हती.

“अक्का, झाली का पेज?” आमोआतेंग अंगणातून आत आला. खुर्च्या मांडून घेत होता बाहेर. चाळीस सांगितल्या होत्या, पासष्ट आणाव्या लागल्या, कारण सिनेमातल्या माणसाची झडती फुकट बघायला मिळणार होती. हा तिचा मावसभाऊ, क्वामेपेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि सात वर्षांपासून कुळाचा खराखुरा कर्ता.

“बस,” ती म्हणाली.

“बसत नाही. एक सुचलंय. आपण फक्त एकच प्रश्न विचारायचा. बाटलीत काय होतं?”

“म्हणजे?”

“अगं, सिनेमात पाणी भरतात. पाण्याला कुठला पितर उठून येतो? पाणी होतं म्हणाला की दोष नाही. तरी कुळाच्या मानाखातर एक मेंढा द्यायचा, रस्सा करायचा, सगळे आपापल्या घरी.”

“तुला भारी घाई रे.”

“घाई नाही. भांडण लांबलं की माणसं जुनं उकरतात.”

बिरागोने न्सोवाचं तोंड पुसलं. जुनं उकरलं तर सगळ्यात आधी कुणाची खुर्ची हलणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“मला काय हवंय ते सांगू?” ती म्हणाली. “बोलला तो शब्द त्याने परत घ्यावा. खरा. दाखवायचा नाही.”

“ते कसं ओळखणार, अक्का?” आमोआतेंगने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता.

*

कुमासीपासून मम्पोंगपर्यंत फ्रेमाचा बाप, क्वामे, गाडीत तोंड उघडं टाकून झोपला होता. फ्रेमाने खड्डा चुकवताना त्याच्याकडे एकदा पाहिलं. चौऱ्याहत्तर. या आठवड्यात तीन सिनेमे, तिन्हींत कुळाचा कर्ता, तिन्हींत तेच काळं वस्त्र, एकाच पोत्यात घालून इकडून तिकडे.

पंचावन्न साली सतरा वर्षांचा असताना तो नाटकमंडळींच्या लॉरीत चढून पळाला होता. मंडळींत बायका नसत, बायकांची कामं पुरुषच करायचे. पळताना त्याने बिरागोआत्याचा ईस्टरसाठी शिवलेला पिवळा ब्लाउज आणि डोक्याचा रुमाल पळवला, आणि तेवढ्या भांडवलावर पुढची तेवीस वर्षं ‘मॅडम पोकुआ’ म्हणून गावोगाव गाजला. शेवटच्या रांगेतले दारुडे त्याला लग्नाची मागणी घालायचे. पुढे टीव्हीवर रविवारचा मत्सरी हेडमास्तर. आक्राच्या मोठ्या रंगमंचावर इंग्रजी बोलणारा राजा, एकही शब्द न अडखळता, आणि निम्म्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसताना. साठीनंतर हे सिनेमे. यांना संहिता नसते. दिग्दर्शक म्हणतो, नाना, तुम्ही चिडलेले आहात, जनरेटरमध्ये पाऊण तासाचं तेल आहे, चला.

“बाबा, आलंच गाव.”

“हं. माझा भाचा कोण झालाय?”

“बाबा, खरी बैठक आहे ही.”

त्याने डोळे चोळले. “माहितीय गं. गंमत केली.” ती गंमत नव्हती, हे तिला कळलं.

“मी काय सांगितलं लक्षात आहे ना? पाणी होतं. मी भरलं होतं. तुम्ही काही बोलूच नका, मी बोलते.”

“तुला बोलू देतील?”

तेही होतं. आमच्यात माणूस आईच्या कुळाचा. फ्रेमा तिच्या आईकडची. बापाचे कपडे धुणं, त्याचे करार करणं, त्याच्या दाताच्या कवळ्या शोधणं, हे सगळं तिच्याकडे. पण बापाच्या कुळात तिला खुर्ची मिळते, तोंड मिळत नाही.

“साक्ष म्हणून देतील,” ती म्हणाली. “बाबा, त्यांनी काम बंद करायला सांगितलं तर काय करायचं?”

क्वामे खिडकीबाहेर बघत राहिला. रस्त्याकडेला एक बाई टोमॅटोचे मनोरे रचत होती.

“झोपेन,” तो म्हणाला. मग स्वतःलाच दुरुस्त करत, “नाही. झोप लागत नाही मला घरी. सेटवर लागते.”

*

आधी पाणी आलं. पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय काम विचारायचं नसतं, मग तो पाहुणा त्याच घरात जन्मलेला का असेना. क्वामे प्यायला, उरलेला घोट जमिनीवर टाकला. आणि पासष्ट खुर्च्यांवरची माणसं त्या ओल्या डागाकडे बघत राहिली.

ब्रेन्या उठला. हा ओक्यामे, बैठकीचं तोंड. बैठकीत कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही. ब्रेन्याला सांगायचं, तो पुढे सांगणार. दोन माणसांच्या मध्ये तिसरा असला की शब्द जरा थंड होऊन पोचतो.

“ब्रेन्या, माझ्या भावाला सांग,” आमोआतेंग म्हणाला, “पाणी झालं. आम्हाला एकच विचारायचंय. बाटलीत काय होतं?”

“वडीलधारे, ओपान्यिन क्वामे, ऐकलंत. बाटलीत काय होतं?”

क्वामेने तोंड उघडायच्या आत फ्रेमा उभी राहिली. “ओक्यामे, मी या घरची नाही, माफी मागते. पण त्या सिनेमाचं सामान माझ्याकडे होतं. मला बोलता येईल का?”

मागून एक म्हातारी म्हणाली, “बस गं, तुझ्या आईच्या घरी बोल.” दुसरी म्हणाली, “बोलू दे की, पोरीने निदान बापाला गाडीने आणलं. तुझा लेक आणतो का?”

आमोआतेंगने हात वर केला. “साक्ष आहे. बोलू दे.”

“पाणी होतं,” फ्रेमा म्हणाली. “मी नळाचं भरलं होतं.”

अंगणातून एक मोठा श्वास गेला. थोडा सुटकेचा, बराचसा निराशेचा. आमोआतेंग लगेच पुढे सरकला. “तर मग ब्रेन्या, सगळ्यांना सांग...”

“भु,” न्सोवा म्हणाला.

तो आईशेजारी बसला होता, उशीला टेकून. इतक्या आठवड्यांत चारचौघांत तो बोलला नव्हता. “भु. वई.”

“काय म्हणतोय?” ब्रेन्याने वाकून विचारलं.

“भुवई.” न्सोवाने डावा हात स्वतःच्या कपाळाला लावला आणि डावी भुवई बोटाने वर ढकलली. मग क्वामेकडे बोट केलं आणि मान हलवली. नाही.

क्वामेला कळलं. इतरांच्या आधी कळलं आणि त्याला वाटलं, आपण आता म्हातारे झालो. इतकी वर्षं प्रेक्षकांना, दिग्दर्शकांना, बायकोला जे दिसलं नाही ते त्या पोराला दिसत होतं. शाळेच्या सुट्टीत प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत बसायचा. नऊ वर्षांचा असताना म्हणाला होता, मामा, तू खोटं बोलतोस ना, तेव्हा तुझी ही भुवई वर जाते. रडलास तरी जाते. त्याला त्याने टॉफी दिली होती, कुणाला सांगू नको म्हणून.

“त्याला म्हणायचंय,” बिरागो हळू म्हणाली, “की खोटं बोलताना मामाची भुवई वर जाते. लहानपणी हा मला सांगायचा. त्या वेळी ती वर गेली नाही.”

“अक्का,” आमोआतेंग म्हणाला, “पाणी होतं हे ठरलंय.”

“ब्रेन्या, कर्त्याला सांग, मी बोलतेय.” बिरागो उठली नाही, पण पाठ सरळ केली. “सिनेमा मीपण पाहिला. दोनदा. त्यात भाचा काय करतो? कागदावर सही करतो. त्या पोराने कुणाविरुद्ध हात वर केलाच नाही. मग याने ‘वर झालेला हात’ कुठून आणला?”

ब्रेन्याने हे पुढे सांगितलं नाही. गरज नव्हती. सात वर्षांपूर्वी याच अंगणात, जुना कर्ता वारल्यावर, वयाने क्वामेचा नंबर होता. आणि कुणीतरी म्हणालं होतं की उभा जन्म लुगडं नेसून लोकांना हसवणाऱ्याच्या हातात कुळाची बाटली कशी द्यायची. आमोआतेंगसाठी हात वर करा म्हटल्यावर पहिला हात न्सोवाचा होता. उजवा.

आमोआतेंग स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

“बाबा, चला,” फ्रेमा कुजबुजली. “पाणीच होतं.”

क्वामेने तिच्या मनगटावर हात ठेवला. “बस बेटा. ब्रेन्या, मी सरळ बोलतो, तू मध्ये राहू नको. थकलोय मी, दोनदा ऐकायला नको.” तो उभा राहिला नाही. “दारू होती. सील तुटताना कॅमेऱ्याला जवळून दाखवायचं होतं म्हणून हिने नवी बाटली आणली. उरलेली मी आणि कॅमेरावाल्याने संपवली.”

कुणी हसलं नाही.

“दरवेळी मी काहीतरी नावं घेतो. नाना कोंबडीचोर म्हणतो, नाना उधारीवाला म्हणतो, नंतर आवाज बदलतात. त्या दिवशी उन्हात सहा तास उभा होतो. बाटली हातात घेतली आणि वाटलं, सिनेमात मला सगळे कर्ता म्हणतात, गुडघे टेकतात. घरी... घरी नाही म्हणाले. मग आईचं नाव आलं. मग हात आला. तीन मिनिटं खरं बोललो मी. सेटवरच्या बायका रडल्या. दिग्दर्शक म्हणाला, नाना, हे तुमचं आजवरचं सगळ्यात छान काम.”

त्याने न्सोवाकडे पाहिलं. “तुझा हात मी पाडला की रक्तदाबाने, मला ठाऊक नाही. पण पडावा असं तीन मिनिटं वाटलं होतं.”

आता आमोआतेंगला काहीतरी करणं भाग होतं. त्याने घसा साफ केला. “ब्रेन्या. मेंढा आणा. आणि बाटली. सीलची.”

*

शब्द परत घ्यायचा तर आधी तोंड धुवायचं. फ्रेमाने वाडग्यात पाणी दिलं. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, पण अडवलंही नाही. क्वामेने तीन चुळा भरल्या आणि तीनदा जमिनीवर फवारल्या. मग बाटली घेतली.

बिरागो मेंढ्याकडे, बाटलीकडे बघत नव्हती. भावाच्या कपाळाकडे बघत होती. तिच्या लक्षात आलं, सगळेच तिकडे बघताहेत. पासष्ट खुर्च्या आणि एक भुवई. आयुष्यात एवढं लक्ष देऊन त्याला कुणी पाहिलं नसेल.

“नाना असुमांग पिप्रा, या, प्या,” क्वामे म्हणाला. आवाज अगदी साधा होता. दुकानात मीठ मागावं तसा. “नाना दुफिये, या, प्या. आणि...”

थांबला.

“आणि...”

बाटली कललेलीच राहिली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “सिनेमात किती छान केलं होतं.” कुणीतरी त्याला गप्प केलं. क्वामेने बहिणीकडे पाहिलं. असं तो आयुष्यात एकदाही अडखळला नव्हता. राजाच्या इंग्रजीतही नाही.

“आब्रेफी,” बिरागो म्हणाली. ब्रेन्यामार्फत नाही. “आपली आई.”

“आब्रेफी. आई, ये. मी तुला एकदा खोट्या कामाला बोलावलं. आज खऱ्या कामाला ये. अक्काच्या मुलाबद्दल जे बोललो ते माघारी घेतो. त्याचा हात त्याला परत दे. माझ्याविरुद्ध वर करायचा असेल तर करू दे.” तो जरा थांबला. “संपलं.”

इतकं कोरडं तर्पण मम्पोंगमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. आमोआतेंग न्सोवाकडे वळला. “न्सोवा, तू सांग. भुवई?”

न्सोवाने तोंड उघडलं. तोंडाचा कोपरा ओला झाला, आईने पुसला.

“थो... डी,” तो म्हणाला. “थोडी गेली.”

“थोडी म्हणजे किती?”

न्सोवाने डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांजवळ धरली. मधून तांदळाचा दाणा जाईल एवढी.

क्वामेला हसू आलं, आणि हसल्यावर डोळ्यांत पाणी आलं, आणि आता भुवईचं काय करावं ते त्याला कळेना.

“थोडी चालते,” आमोआतेंग म्हणाला. “थोडी माझीपण जाते.”

न्सोवाने डावा हात पुढे केला. डाव्या हाताने आमच्यात कुणाला काही देत नाहीत, हात तर नाहीच नाही. “डावा आहे, मामा,” तो म्हणाला. हे वाक्य मात्र सलग आलं, डावा द्यावाच लागला तर माफी म्हणून म्हणायचं, लहानपणापासून पाठ असलेलं. क्वामेनेही डावाच हात दिला.

मग ब्रेन्याने निवाडा सांगितला. मेंढा मान्य. दोष मिटला. पण इथून पुढे क्वामे असुमांगने पडद्यावर, रंगमंचावर, लग्नात, गमतीत, कुठेही हातात बाटली घेऊन पितरांना बोलवायचं नाही. पाण्याचीही नाही.

फ्रेमाने मनातल्या मनात हिशेब केला. चार सिनेमे ठरलेले, चारही बाटलीचे. म्हाताऱ्या पुरुषाला दुसरं काम देतं कोण? तिने बापाकडे पाहिलं. तो मान डोलवत होता, कबूल आहे, कबूल आहे, जसं काही कुणी त्याला हवामान सांगत होतं.

*

रस्सा खाऊन ते निघाले. क्वामेने दोन घास खाल्ले आणि वाटी शेजारच्या म्हातारीला दिली. गाडीत बसल्यावर त्याने काळ्या वस्त्राचं पोतं मांडीवर घेतलं आणि त्याची गाठ सोडवत, परत बांधत राहिला.

“आता झोपा, बाबा,” फ्रेमा म्हणाली.

“कुठे?” तो म्हणाला.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बिरागो उभी होती. एवढ्या अंतराने तिला धाप लागली होती. तिने काच खाली करायला लावली आणि कापडाचं एक गाठोडं आत टाकलं, भावाच्या मांडीवर, पोत्यावर.

“मी तुझ्याशी बोलत नाहीये,” ती म्हणाली. “न्सोवाचा हात उठेपर्यंत बोलणार नाही.”

“बरं, अक्का.”

“म्हाताऱ्या बायकांच्या हातात कुणी बाटली देत नाही. त्या नुसत्या बसून सगळ्यांना बोलतात. तेवढं तुला जमेल.”

क्वामेने गाठ सोडली. आत तिचा रविवारचा चर्चचा ब्लाउज होता, जांभळा, बाह्यांना झालर असलेला. खाली लुगडं. सगळ्यात वर घडी घातलेला डोक्याचा रुमाल, आणि त्याला तिच्या तेलाचा वास. त्याने ब्लाउज उलगडून अंगासमोर धरला. खांदे एका क्षणात उतरले, मान जरा कलली, हनुवटी वर झाली. गाडीच्या आरशात एक रागावलेली म्हातारी बसली होती. फ्रेमाचा किल्लीवरचा हात थांबला.

“खांद्यात घट्ट होईल, अक्का,” तो म्हणाला.

“तेव्हाचा पिवळाही झालाच असेल,” बिरागो म्हणाली. “हा मात्र परत आण.”